सकाळची नव्वदी आणि घरातलं गुपित

पत्र: माझे मिस्टर इचलकरंजीत मागावर जॉबर (माग दुरुस्त करणारे कारागीर) आहेत. लग्नाला १४ वर्षं झाली, मुलगी ११ वर्षांची आहे. आधी पगाराच्या दिवशी दारू घ्यायचे, आता दोन वर्षं झाली रोज. सकाळी नव्वदी (९० मिली) पोटात गेल्याशिवाय हात कापायचे थांबत नाहीत. सासूबाईंनी गेल्या आषाढीला माळ घालायला लावली. पहिले आठ दिवस झोप नाही, घामाने अंथरूण भिजायचं, पण चार महिने कडक पाळलं. मग एक दिवस माळ काढून खुंटीला अडकवली आणि बाहेर पडले. शेडच्या मालकाचा फोन आला की मीच 'ताप आहे' म्हणून सांगते. बचत गटातून काढलेलं कर्जही त्यातच गेलं. दोनदा अंगावर हात टाकला. शेजारणीने चहात टाकायची पावडर सांगितली आहे. दीर म्हणतात, एका केंद्राची गाडी येते, रात्रीत उचलून नेतात. त्यांचा १९ वर्षांचा मुलगाही गांजा ओढतो, झोपेच्या गोळ्या खातो. माहेरी काही सांगितलेलं नाही, नणंदेला तेवढं सगळं माहीत आहे. मी काय करू?
– एक बायको

ताई,

पुढचं सगळं वाचायला सवड मिळाली नाही, तरी एवढं वाचा. मिस्टरांची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. बाटली मोरीत ओतून, खोलीला कडी लावून, शपथ घालून, कशानेही नको. सकाळी घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, त्याच्या शरीराला दारूची सवय जडलेली असते. अशा माणसाची दारू अचानक तुटली की काही तासांत कापरं भरतं, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, वेळकाळ कळेनासा होतो. यात माणसं दगावतात. आषाढीला ते निभावून गेलं, हे तुमचं नशीब. दारू तोडण्याची प्रत्येक पुढची खेप आधीच्यापेक्षा जड जाऊ शकते, त्यामुळे 'मागे काही झालं नव्हतं' यावर विसंबू नका. आणि हाच त्रास डॉक्टरांच्या औषधाखाली बराच सुसह्य होतो. चार-सात दिवसांच्या गोळ्या असतात, त्या हळूहळू कमी करत नेतात. सोबत बी-१ या जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण रोज पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा खडखडाट असतो आणि त्याने स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. हाडांच्या वॉर्डातला एक माणूस विसरता येत नाही. स्कूटरवरून पडून पाय मोडलेला, प्लास्टर घातलेलं. दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या रात्री उठून प्लास्टर ओरबाडायला लागला, त्यात मुंग्या शिरल्यात म्हणून. सिस्टर घाबरल्या, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक बाहेर पळाले, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी लागलंय. त्याची बायको पॅसेजमध्ये पदर तोंडाशी धरून उभी होती. मी विचारलं, "घेतात का?" तिने आधी सासरे कुठे आहेत ते पाहिलं, मग मान हलवली. "रोज. सकाळपासून." दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा सासऱ्यांसमोर ती 'नाही' म्हणाली होती. तो वाचला. पण ज्या एका वाक्याने तीन दिवस आधी उपचार सुरू झाले असते, ते वाक्य त्या बाईच्या तोंडात अडकून बसलं होतं.

तुमच्या पत्रात मला तीच बाई दिसली, म्हणून एवढं लांबण लावलं. मालकाला 'ताप आहे' तुम्ही सांगता. गटातल्या बायकांना कर्जाचं कारण वेगळंच सांगितलं असणार. माहेरी सगळं झाकलेलं. पत्राखाली नावसुद्धा नाही. व्यसन त्यांना लागलं, आणि ते लपवण्याची नोकरी तुम्हाला लागली. तुम्ही हे घर टिकावं म्हणून केलंत, त्याबद्दल तुम्हाला बोल लावणारी मी कोण? पण या नोकरीचा फायदा दारूलाच होतो. प्यायल्याचे परिणाम त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, वाटेत तुम्ही ते झेलता. म्हणून इथून सुरुवात करा: मालकाचा पुढचा फोन त्यांच्याच हातात द्या. गुत्त्यावरची उधारी तुम्ही फेडू नका. मुलीची फी, घरातलं धान्य, गटाचा हप्ता हे तुमच्या हातात ठेवा, ते सोडायचं नाही. गावभर दवंडी पिटा असं मी म्हणत नाही. दोन-तीन माणसं निवडा, त्यांना खरं सांगा.

'आमच्याच घरी का' असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. आपल्या देशाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेली एक मोठी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात आणि ५.७ कोटींना तिने त्रास होण्याइतपत किंवा व्यसन लागण्याइतपत विळखा घातला आहे, असं आढळलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांमागे जेमतेम एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चालत असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता पावडर. नका टाकू, ताई. कितीही जाहिरात असली, कितीही बायकांनी 'गुण आला' सांगितलं तरी नका. अशा पुड्यांत काय असतं ते पुडी विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यात डायसल्फिरम असेल तर तो जीवाशी खेळ आहे. हे औषध डॉक्टर देतात, पण माणसाला समजावून, त्याच्या संमतीने आणि हृदय-यकृत तपासून देतात. ते पोटात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. तुमचे मिस्टर रोज सकाळी घेतात. त्यांना पत्ताच नसेल तर ते नेहमीसारखी नव्वदी लावणार आणि मागापाशीच आडवे होणार. आणि समजा जीव वाचला, कळलं, तर? वॉर्डात आलेला एक गृहस्थ पुढे वर्षभर बायकोच्या हातचा चहा पीत नव्हता. दारू सुटली नव्हती, चहा मात्र सुटला होता.

दिरांची गाडीही नको. रात्रीत उचलून नेणारी सगळी केंद्रं वाईटच असतात असं नाही. पण अशा ठिकाणाहून परतलेल्यांच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे आजारही येतात. माणसाला साखळीने बांधून ठेवायला त्या कायद्याने सक्त बंदी आहे, आणि असं केंद्र राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदवलेलं असावं लागतं. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवावर उठला असेल, तर त्याच्या संमतीविना दाखल करण्याची सोय कायद्यात आहे. पण तीही तज्ज्ञांनी तपासून आणि आधी फार तर ३० दिवसांसाठी. गाडीवाला ठरवेल तसं नाही. कुठल्याही केंद्राला फोन कराल तेव्हा विचारा: नोंदणी दाखवाल का? मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? पहिले पाच दिवस, हात कापत असताना, काय करता? मी भेटायला कधी येऊ? शेवटच्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो, त्याचा नंबर खोडून टाका.

मग जायचं कुठे? तुमच्यापासून कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर. तिथे सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मिरजेचं सरकारी रुग्णालयही तुम्हाला लांब नाही. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि खिडकीवर 'मनोविकार विभाग' एवढंच म्हणायचं. तिथे वेडे लोक जातात असं सासूबाई म्हणतील. त्या ओळीत तुम्हाला झोप न येणारे शिक्षक दिसतील, बाळंतपणानंतर रडू न थांबणारी पोर दिसेल, आणि हात कापणारे पाच-सहा पुरुष नक्की दिसतील. पहिल्यांदा ते आले नाहीत तर तुम्ही त्यांच्याविना जा. नातेवाईकाने येऊन सल्ला घेणं ही रोजची गोष्ट आहे. तुम्ही सांगितलेलं बाहेर न फोडणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

तेवढंही जमत नसेल त्या दिवशी १४४४६ हा नंबर लावा. सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे, पैसे पडत नाहीत. अनुदानावर चालणारं जवळचं केंद्र कुठलं, तेही तिथे विचारता येतं. मन फारच खचलं, जगणं नको वाटलं, तर १४४१६ लावा. तो नंबर त्यांच्यासाठी आहे तसाच तुमच्यासाठीही आहे.

राहून उपचार घ्यायची त्यांची तयारी झाली, तर पुण्याचं मुक्तांगण माहीत असू द्या. १९८६ साली, गर्दने (ब्राऊन शुगरच्या नशेने) शहरातली तरुण मुलं पोखरून काढली होती तेव्हा, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाचं पहिलं बळ दिलं. तिथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा असतो. पण मला त्या संस्थेतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते बायकांसाठी चालणारा 'सहचरी' गट. पेशंट एक, आणि त्याच्यासोबत आजारी पडलेलं घर दुसरं, हे त्यांना फार आधी उमगलं.

आणखी एक दार आहे, ते तुमच्या गावाच्या आसपासच असेल: एए. अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुडे, एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्यातून हे उभं राहिलं. फी नाही, वर्गणीची सक्ती नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा देवळाच्या खोलीत संध्याकाळी दहा-पंधरा माणसं बसतात, एकेक जण आपली गोष्ट सांगतो, कुणी उपदेश करत नाही. 'आयुष्यभर सोडली' असं कुणी म्हणत नाही. 'आजचा दिवस नाही घेतली' एवढंच म्हणतात. मिस्टरांना घरातल्या कुणाचंही ऐकवत नसेल, पण आपल्यासारखेच हात कापलेल्या जॉबरचं किंवा ड्रायव्हरचं ऐकवेल. याचाच घरच्यांसाठीचा भाग म्हणजे अल-अनॉन. तो १९५१ पासून आहे आणि त्याची सुरुवातही एका दारुड्याच्या बायकोच्या पुढाकाराने झाली. तिथे जायला नवऱ्याने दारू सोडलेली असावी लागत नाही. त्याची परवानगीही लागत नाही. नवरा पीत असतानाच बायका तिथे येऊ लागतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या आवाजात फरक पडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माळेबद्दल सासूबाईंवर रागावू नका. माळ घालून दारू सुटलेली माणसं आपल्या भागात घराघरात आहेत. त्यामागे देवावरची श्रद्धा आहे, तसाच संध्याकाळचा हरिपाठ आहे, एकादशी आहे, दिंडीतली सोबत आहे. दारूची वेळ दुसऱ्या कशाने तरी भरून निघते. मिस्टरांची माळ गळ्यात आली, पण सोबत आली का? त्या चार महिन्यांत ते कुणाबरोबर बसत होते, कामावरून सुटल्यावर कुठे जात होते, आठवून पाहा. आणि एक गोष्ट मला तुमच्या पत्रातली फार महत्त्वाची वाटली. त्यांनी माळ गळ्यात ठेवून दारू घेतली नाही. आधी काढली, खुंटीला नीट अडकवली, मग गेले. त्यांना त्या माळेची चाड आहे. चार महिने पाळणारा माणूस हरलेला नसतो. चार महिने काय जमलं आणि त्या एका दिवशी काय घडलं, हे समुपदेशकाला सांगण्यासारखं मोठं भांडवल आहे. पुन्हा माळ घालायची तर जरूर घालू द्या, पण या वेळी दवाखान्यानंतर.

त्यांच्याशी बोलायचं केव्हा? प्यायलेले असताना अजिबात नाही, आणि पहाटे कापरं भरलेलं असताना तर नाहीच. सुट्टीच्या दिवशी, सकाळची घेऊन हात थोडे स्थिर झाले असतील आणि दुसरी गेली नसेल, अशी तासाभराची फट मिळते. तुम्हाला ती बरोबर ठाऊक असणार, बायकांना ठाऊक असते. भूतकाळाची यादी काढू नका, मुलीची शपथ घालू नका. एवढंच म्हणा: "तुमचे हात कापतात ते मला बघवत नाही. हा आजार आहे, याला औषध आहे. मी कोल्हापूरला जाऊन विचारून आले. तुम्ही नुसते तपासायला चला, सोडायची की नाही ते नंतर ठरवा." जॉबरला त्याच्या हातांचा अभिमान असतो. तुटलेला धागा सांधणारा, बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस सकाळी चहाचा कप धरू शकत नाही, हे त्याला आपल्याहून जास्त टोचत असतं. पहिल्यांदा 'नाही' म्हणतील. महिन्याने पुन्हा विचारा. आजारपण, वरिष्ठांनी झापणं, मुलीने काहीतरी बोलून जाणं, अशा एखाद्या दिवशी तेच आपणहून 'चल' म्हणतात. त्या दिवशी तुमच्याकडे पत्ता आणि गाडीभाडं तयार असलं पाहिजे.

हात उचलण्याबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. दारू आजार आहे, म्हणून मार खाणं औषध होत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मुलीला घेऊन बाहेर पडा. कुणाच्या घरी जायचं ते आजच ठरवून ठेवा. आधार कार्ड, गटाचं पासबुक, थोडे पैसे एका पिशवीत घालून त्याच घरी ठेवा. ११२ पोलिसांचा, १८१ महिलांच्या मदतीचा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने घराबाहेर न पडताही संरक्षणाचा आदेश मागता येतो, आणि तो मागितला म्हणजे संसार मोडला असं होत नाही. मुलीशीही बोला. ११ वर्षांच्या पोरीला सगळं कळतं. कळत नाही ते एवढंच की हे तिच्यामुळे होत नाही. ते तिला शब्दांत सांगा, एकदा नाही, पुन्हापुन्हा.

दिरांच्या मुलाचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. त्याला उशीर नको. झोपेच्या गोळ्या रोज खात असेल तर त्याही एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, म्हणजे त्यालाही आधी डॉक्टरच. दिरांना पोलिसांची भीती वाटत असेल. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात कलम ६४-अ आहे: सेवनाच्या किंवा अगदी थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र अर्धवट टाकायचे नाहीत, नाहीतर ही सवलत काढून घेता येते. दवाखान्यात नुसतं दाखवायला गेल्याने कुणी पोलिसांना बोलावत नाही. हे दिरांना वाचून दाखवा. कदाचित दोन्ही घरांची फेरी एकाच गाडीत होईल.

येत्या सोमवारी कोल्हापूरला जा. जाण्याआधी एका वहीत लिहून घ्या: रोज किती घेतात, दिवसातली पहिली किती वाजता, शेवटची किती वाजता. आषाढीच्या त्या आठ दिवसांत काय काय झालं. कधी फिट आली का, रक्ताची ओकारी झाली का, डोळे पिवळे दिसले का. दुसरी कुठली औषधं चालू आहेत. डॉक्टर नेमकं हेच विचारतात आणि तिथे गेल्यावर घाबरून आठवत नाही. मधल्या दिवसांत फिट आली, बरळायला लागले किंवा रक्त पडलं, तर सोमवारची वाट पाहू नका, १०८ बोलवा आणि गाडीत बसता बसता पहिलं वाक्य सांगा: "हे रोज दारू घेतात, शेवटची अमुक वाजता घेतली."

आणि एकट्या जाऊ नका. नणंदेला सगळं माहीत आहे असं तुम्हीच लिहिलंत. आज संध्याकाळी तिला फोन करा.